खोलीत ‘नको’ म्हणणारं कोण होतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. बीटल्स या ब्रिटिश बँडमधल्या पॉल मॅकार्टनीचा २००५ सालचा ‘केऑस अँड क्रिएशन इन द बॅकयार्ड’ हा सोलो अल्बम तुम्ही महिनाभर ऐकताय आणि तो तुम्हाला मनापासून आवडलाय. मित्रांचं म्हणणं वेगळं. म्हाताऱ्या रॉक कलाकाराचा अल्बम आला की ‘कित्येक वर्षांतलं सर्वोत्तम काम’ असं छापून येतंच, पहिल्या आठवड्यात तो खपाच्या यादीत चढतो, मग कोणी त्याचं नाव काढत नाही. म्हणजे ही जुन्या पुण्याईवरची कमाई. यात तथ्य किती, आणि आदरापोटी झालेलं कौतुक कुठे संपतं नि खरं काम कुठे सुरू होतं हे कानाने ओळखता येतं का, असं तुम्ही विचारलंय.

मी पुण्यात २८ वर्षं रेकॉर्डिस्ट म्हणून काम करतोय. भावगीतं, अभंग, नाटकांचं संगीत, जाहिराती, आणि कॉलेज सोडून जमाना झाला तरी गिटार न सोडलेल्यांचे रॉक बँड, असं सगळं हाताखालून गेलंय. मॅकार्टनी ज्या स्टुडिओत गायला तिथे मी नव्हतो. पण वयाने आणि नावाने मोठा माणूस माइकसमोर उभा राहिला की काचेच्या अलीकडे बसलेल्या आम्हा लोकांचं काय होतं, हे मला चांगलं ठाऊक आहे. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच आहे.

आधी एक गुंता सोडवू. तुमचे मित्र दोन गोष्टी एकत्र करतायत: अल्बम कसा घडला आणि त्याचं स्वागत कसं झालं. यांचा एकमेकांशी संबंध असतो, पण माणसं समजतात त्यापेक्षा फार कमी. स्वागताबद्दल पुढे सांगतोच. घडण्याबद्दल माझ्या मनात एकच प्रश्न पहिल्यांदा येतो: त्या खोलीत त्या मोठ्या माणसाला ‘नको, हे जमलेलं नाही’ असं सांगू शकणारं कोणी होतं का? साठी उलटलेल्या कलाकाराच्या अल्बममध्ये मला आवाजाच्या वयापेक्षा, गिटारपेक्षा, गाण्यांच्या चालींपेक्षाही हीच गोष्ट आधी ऐकू येते.

आता या अल्बमची हकीकत पाहू. २००१ च्या नोव्हेंबरात मॅकार्टनीचा ‘ड्रायव्हिंग रेन’ आला होता. ब्रिटनच्या यादीत तो ४६ वर थांबला, अमेरिकेत २६ वर. त्याच काळात त्याचे दौरे मात्र तुफान चालले होते. मे २००३ मध्ये तो मॉस्कोच्या लाल चौकात गायला. म्हणजे मैदानं भरत होती आणि नवी गाणी कोणाला नको होती. ज्येष्ठ कलाकाराची ही नेहमीची कोंडी आहे. आपल्याकडे सत्तरी पार केलेल्या गायकाला विचारून पाहा. नवी चाल बांधून आणली तरी समोरून चिठ्ठी येते ती चाळीस वर्षांपूर्वीच्या गाण्याचीच.

अशा वेळी मॅकार्टनीने निर्माता (पैसे घालणारा नव्हे, रेकॉर्डिंगची दिशा ठरवणारा) शोधताना सल्ला घेतला तो जॉर्ज मार्टिनचा, ज्याने बीटल्सचे जवळजवळ सगळे अल्बम घडवले त्याचा. मार्टिनने नाव सुचवलं नायजेल गॉडरिचचं. रेडिओहेड या बँडचा ‘ओके कॉम्प्युटर’ आणि बेक या गायकाचा ‘सी चेंज’ या अल्बमांमागे हाच माणूस होता. वय ३२. बीटल्स फुटले तेव्हा तो जन्मालाही आला नव्हता. २००३ च्या शरदात लंडनच्या आरएके स्टुडिओत काम सुरू झालं, तेही आधी थोडे दिवस एकत्र काम करून बघू, जमलं तर पुढे, अशा बोलीवर.

मॅकार्टनी आपला दौऱ्यावरचा बँड घेऊन आला होता. सरावलेली, तयारीची माणसं. गॉडरिचने थोड्याच दिवसांत सांगितलं की बँड नको, बहुतेक वाद्यं तुम्हीच वाजवा. काही गाण्यांबद्दलही त्याने तोंडावर सांगितलं की ही बरी नाहीत. मॅकार्टनीने नंतर मुलाखतींत कबूल केलंय की एका वादाच्या वेळी या पोराला काढून टाकावं असं त्याच्या मनात येऊन गेलं. त्याने काढलं नाही. माझ्या लेखी या अल्बमच्या घडणीतला सर्वांत मोठा निर्णय हाच. गॉडरिचचं धाडस सगळे सांगतात, पण काढून न टाकणाऱ्याचं मोठेपण कमी नाही. स्टुडिओचं बिल भरणारा तोच होता.

बँड घरी पाठवण्यात एवढं काय, असं वाटेल. त्यामागची कारागिरी सांगतो. चार जण एका खोलीत एकदम वाजवतात तेव्हा ते एकमेकांना सावरून घेतात. ड्रमर जरा पुढे सरकला की बासवाला (खालच्या सुरांची गिटार वाजवणारा) त्याच्यामागे जातो, गायक दम घेतो तिथे गिटारवाला जागा भरतो. यातून जिवंतपणा येतो, आणि आळसही येतो. दौऱ्यावरच्या बँडच्या हाताला शेकडो कार्यक्रमांची सवय लागलेली असते. नवं गाणं समोर ठेवलं की हात आपोआप ओळखीच्या वाटेला जातो: इथे ड्रमची उचल, इथे गिटारचा तुकडा, शेवटी सगळे मिळून जोरात. गाणं लगेच ‘तयार’ वाटतं. ते तयार झालंय की नुसतं सजलंय, हे कोणी विचारत नाही.

एकच माणूस सगळं वाजवतो तेव्हा तसं लपता येत नाही. आधी पियानो किंवा गिटारवर गाणं गायचं. मग त्या टेकवर, म्हणजे रेकॉर्ड झालेल्या गाण्यावर, एकट्याने ड्रम वाजवायचे, मग बास, मग बाकीचं. प्रत्येक थर चढवताना गाण्याचा सांगाडा उघडा असतो. अंतऱ्यात दम नसेल तर तो प्रत्येक वेळी कानाला टोचतो, आणि झाकायला दुसरं कोणी नसतं. यात धोकाही आहे. थर एकमेकांना ऐकतात पण उत्तर देत नाहीत, म्हणून असं काम पुष्कळदा निर्जीव होतं. माझ्याकडे सगळी वाद्यं स्वतः वाजवण्याच्या हट्टाने आलेल्या बहुतेक गिटारिस्टांचं काम तसंच झालं. मॅकार्टनीचं तसं झालं नाही, कारण बास हे त्याचं मुख्य वाद्य आहे आणि बास शेवटी भरण्याची त्याला जुनी सवय आहे. बीटल्सच्या १९६७ च्या ‘सार्जंट पेपर’ अल्बमच्या वेळीही तो बाकी सगळे गेल्यावर बसून बास भरत असे. बाकीचं गाणं पुरतं माहीत असलेला बास नुसता तळाला राहत नाही, तो चालीशी बोलतो. या अल्बममधलं ‘फाइन लाइन’ ऐकताना एकदा फक्त बासच्या मागे जा. त्याचे ड्रम साधे आहेत, तयारीचा ड्रमर सहसा ठेवणार नाही अशा मोकळ्या जागा त्यांत आहेत, आणि त्या जागांतच बास हलतो.

याच ‘फाइन लाइन’मध्ये बास वाजवताना त्याच्या हातून एक सूर चुकला. तो पुन्हा घ्यायला निघाला, तर गॉडरिच म्हणाला, राहू दे, हेच छान आहे. मॅकार्टनीने हा किस्सा स्वतः सांगितलाय. मला तो फार महत्त्वाचा वाटतो. ‘नको’ म्हणणारा माणूस तेवढाच ‘हे राहू दे’ही म्हणू शकतो. नुसता आदर करणाऱ्याला यांतलं एकही जमत नाही. चूक दाखवणं त्याला उद्धटपणा वाटतं आणि चूक ठेवणं म्हणजे मोठ्या माणसाची अप्रतिष्ठा वाटते.

हे मी इतक्या ठामपणे लिहितोय कारण मला ते एकदा जमलं नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका अतिशय ज्येष्ठ भावगीत गायकांचा नवा अल्बम मी रेकॉर्ड केला. लहानपणी आमच्या घरी रेडिओवर त्यांचा आवाज लागला की आई हातातलं काम थांबवायची. ते स्टुडिओत आले तेव्हा मी वाकून नमस्कार केला, आणि पुढचे बारा दिवस मी मनाने वाकलेलाच राहिलो. चाली त्यांच्या जुन्या पट्टीत बांधलेल्या होत्या, त्या किमान दोन स्वर खाली घ्यायला हव्या होत्या. तिसऱ्या गाण्याचा दुसरा अंतरा सैल होता. मला कळत होतं, वादकांना कळत होतं. चौथ्या टेकनंतर त्यांनी काचेतून माझ्याकडे पाहून विचारलं, “कसं झालं?” मी म्हटलं, “सुंदर, अण्णा.” अल्बम आला, प्रकाशन समारंभ झाला, सगळ्यांनी भरभरून कौतुक केलं. पुढे काही वर्षांनी त्यांची मुलगी भेटली. ती म्हणाली, “बाबांनी ती सीडी घरी एकदाही लावली नाही.” त्यांनी विचारलं होतं ते खरंच विचारलं होतं. मी उत्तर दिलं नाही.

तेव्हापासून मी एक गोष्ट पाळतो. कोणीही कितीही मोठा असो, पहिल्या दिवशी फक्त एका वाद्यावर सगळी गाणी गायला सांगतो आणि त्यांच्यासोबत बसून ती पुन्हा ऐकतो. त्या उघड्या रेकॉर्डिंगमध्ये जे गाणं उभं राहत नाही, त्याबद्दल त्याच दिवशी बोलतो. कधी समोरचा रागावतो. पण रागावलेल्यांपैकी बहुतेक दुसऱ्या दिवशी नवा अंतरा घेऊन आले आहेत.

मॅकार्टनीच्या अल्बममध्ये याचं सर्वांत स्पष्ट उदाहरण ‘रायडिंग टू व्हॅनिटी फेअर’. मैत्रीचा हात पुढे केला आणि समोरच्याने तो धरला नाही, याबद्दलचं ते गाणं आहे. आधी ते वेगळ्या, जलद चालीत होतं. गॉडरिचला ते मान्य नव्हतं, खडाजंगी झाली, आणि ते पुन्हा लिहिलं गेलं, लय खाली आली. आता जे आहे त्यात ६३ वर्षांच्या माणसाचा दुखावलेपणा लपवलेला नाही. लोकांना प्रसन्न मॅकार्टनी ठाऊक असतो, म्हणून काही जणांना हे गाणं आवडत नाही. मला ते या अल्बमचं काळीज वाटतं.

‘जेनी रेन’ही सांगायलाच हवं. जवळजवळ नुसती गिटार आणि आवाज, बीटल्सच्या १९६८ च्या ‘ब्लॅकबर्ड’च्या घराण्यातलं. मध्ये जो सूर येतो तो सनई किंवा बासरीचा नाही, तो आर्मेनियाच्या दुदुकचा, पेद्रो युस्टाशने वाजवलेला. दुदुकही सनईसारखंच दुहेरी पात्याचं वाद्य, जर्दाळूच्या लाकडाचं. पण सनईचा सूर मांडवभर पसरतो आणि दुदुकचा श्वासाएवढाच राहतो. अशा ठिकाणी व्हायोलिनांचा ताफा घालणं सोपं होतं. दुसऱ्या काही गाण्यांत तार वाद्यं आहेतही, पण इथे एकाच माणसाच्या फुंकरीवर भागवलं. मॅकार्टनीचा आवाज या गाण्यात जवळ आणि कोरडा ठेवलाय, म्हणजे त्यावर मोठ्या सभागृहाचा भास चढवलेला नाही. वय झालेल्या आवाजाला आम्ही रेकॉर्डिस्ट लोक प्रतिध्वनीचं पांघरूण घालतो, कारण त्याने कंप झाकला जातो. ते न घालणं हा धीट निर्णय आहे.

आता स्वागताबद्दल. अल्बम सप्टेंबर २००५ मध्ये आला. ब्रिटनमध्ये १० व्या क्रमांकापर्यंत गेला, अमेरिकेत ६ व्या. ग्रॅमीत वर्षाच्या सर्वोत्कृष्ट अल्बमसाठी नामांकन मिळालं आणि पुरस्कार यूटू या बँडला गेला. ‘ड्रायव्हिंग रेन’शी तुलना केली तर ही मोठीच झेप होती. पण दोन वर्षांनी आलेल्या ‘मेमरी ऑलमोस्ट फुल’ने अमेरिकेत ३ रा आणि ब्रिटनमध्ये ५ वा क्रमांक गाठला. तो २००५ च्या अल्बमपेक्षा सरस होता म्हणून? माझ्या मते नाही. तो स्टारबक्सच्या नव्या लेबलने काढला होता आणि त्यांच्या हजारो दुकानांत तो वाजत होता, काउंटरवर विकायला होता. २०१८ चा ‘ईजिप्ट स्टेशन’ तर अमेरिकेत थेट पहिल्या क्रमांकावर आला; तिथे त्याचा पहिला क्रमांक ३६ वर्षांनी लागत होता. त्या काळात अमेरिकेत मैफलीच्या तिकिटासोबत अल्बम देण्याची पद्धत होती आणि ती विक्रीही यादीत मोजली जाई. तेव्हा यादीतला क्रमांक पाहून अल्बम चांगला की वाईट हे ठरवू नका, मग तो क्रमांक वरचा असो की खालचा. पहिल्या आठवड्याची खरेदी ही त्या माणसावर आधीच प्रेम असलेल्यांची असते. अल्बम ऐकायच्या आधीच ती झालेली असते.

तुमच्या मित्रांचं एक म्हणणं मात्र मी मान्य करतो. ज्येष्ठांच्या अल्बमवर लिहिताना समीक्षकांचा हात सैल सुटतो. चाळीस वर्षं ज्याची गाणी ऐकत मोठे झालो त्याच्याबद्दल लिहिताना कृतज्ञता मध्ये येते. मी स्वतः स्टुडिओत तेच केलं, तर त्यांना कुठल्या तोंडाने बोल लावू? आणि ‘नंतर कोणी नाव काढत नाही’ हेही खरं आहे. मॅकार्टनीने २००५ च्या अमेरिकेच्या दौऱ्यात यातली मोजकीच गाणी घेतली, पुढच्या दौऱ्यांत तर ती फारशी दिसलीच नाहीत. पण त्याचं कारण गाण्यांचा कमकुवतपणा नाही. पन्नास हजारांच्या मैदानात ‘जेनी रेन’सारखं गाणं हरवतं. ती गाणी एका खोलीसाठी केलेली आहेत.

दुसरं उदाहरण हवं असेल तर पिंक फ्लॉइड या बँडचा गिटारवाला डेव्हिड गिलमोर घ्या. सप्टेंबर २०२४ मध्ये, ७८ व्या वर्षी, त्याचा ‘लक अँड स्ट्रेंज’ आला. निर्माता चार्ली अँड्र्यू, तरुण, ऑल्ट-जे या बँडसोबत काम केलेला. पिंक फ्लॉइडच्या इतिहासाचं त्याला फारसं ओझं नव्हतं. इथे गिटारचा सोलो कशाला हवा, सगळी गाणी शेवटी विरतच का जायला हवीत, असे प्रश्न त्याने विचारले, आणि गिलमोरला ते आवडले. शीर्षकगीताच्या तळाशी २००७ मध्ये गिलमोरच्या घरच्या कोठारात वाजवलेला तुकडा आहे. त्यात पिंक फ्लॉइडमधला त्याचा साथी रिक राइटचे कीबोर्ड आहेत, जो २००८ मध्ये गेला. एक गाणं तर गिलमोरच्या मुलीने, रोमनीने गायलंय. १९७३ च्या ‘डार्क साइड ऑफ द मून’नंतरचं आपलं हे सर्वोत्तम काम, असं गिलमोर म्हणाला. या दाव्याशी मी सहमत नाही, पण तो असं का म्हणाला असेल ते कळतं. कोणीतरी त्याच्याकडे पुतळा म्हणून न पाहता वादक म्हणून पाहिलं होतं.

हा नियम सरसकट लावू नका. २०२० च्या टाळेबंदीत मॅकार्टनीने ससेक्समधल्या स्वतःच्या स्टुडिओत जवळजवळ एकट्याने ‘मॅकार्टनी थ्री’ केला. तिथे नाही म्हणणारं कोणी नव्हतं, तरी तो ताजा आहे. फरक असा की तो खेळत होता, कोणाला काही सिद्ध करायचं नव्हतं, म्हणून काही गाणी अर्धवट राहिली तरी चालली. सावरणारं कोणी नसेल तर हलकं काम जमून जातं. वजनदार गाणी करायची तर दुसरा कान लागतो, असा माझा अनुभव आहे. एखाद्याच्या घरातच तो कान असेल, बायको, मुलगा, जुना तबलजी, तर बाहेरून निर्माता आणायची गरजही नसते.

ऐकण्याबाबतही काही गोष्टी तुमच्यावर अवलंबून आहेत. गाडी चालवताना हा अल्बम रुचणार नाही. बीटल्स अजिबात न ऐकलेल्याला ‘फ्रेंड्स टू गो’मधली हळहळ कळणार नाही, बीटल्समधला जॉर्ज हॅरिसन जाऊन काही वर्षं झाली होती आणि मॅकार्टनीला हे गाणं लिहिताना आपण जॉर्जच झालोय असं वाटत होतं. शब्दांकडे लक्ष न देता चालीच ऐकत असाल तर मधली दोन-तीन गाणी सारखी वाटतील. तसं वाटलं तर तुमच्या कानाचा दोष नाही. मलाही ‘अ सर्टन सॉफ्टनेस’ अजून फारसं पटलेलं नाही.

मित्रांशी वाद घालायचा असेल तर असं करा. अल्बम पूर्ण लावू नका. आधी मुखपृष्ठ दाखवा: लिव्हरपूलच्या फोर्थलिन रोडवरच्या घरामागच्या अंगणात गिटार घेऊन बसलेला पोरगेला पॉल, त्याचा भाऊ माइकने १९६२ मध्ये खिडकीच्या जाळीच्या पडद्याआडून टिपलेला. जग अजून त्याला ओळखत नव्हतं, आणि त्याचा सूर चुकला तर घरचे सरळ सांगत असतील. मग हेडफोनवर ‘जेनी रेन’ ऐकवा, दुदुक सुरू व्हायच्या आधीचा श्वास ऐकू येईल एवढ्या आवाजात. त्यानंतर काही न बोलता ‘रायडिंग टू व्हॅनिटी फेअर’. माझा अंदाज आहे की मतभेद तिथेच होतील. काय झालं ते जरूर कळवा, आणि त्यांना ते गाणं आवडलं नाही तर नेमकं कुठे खटकलं तेही विचारून ठेवा.